एक तंबाखू मळेपर्यंत

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या बदलल्या. कचेऱ्यांच्या बदलल्या, एसटीवरच्या बदलल्या, आमच्या दवाखान्याचीही बदलली. पाणी तेवढं आणायचं राहून गेलं. मी तिथं हाडांच्या विभागात हाऊस पोस्ट, म्हणजे एमबीबीएसनंतरची शिकाऊ डॉक्टरची नोकरी, करायला लागले, तेव्हा जिल्ह्याला काही वर्षं होऊन गेली होती आणि दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष चाललं होतं. विभाग म्हणायला एक सर्जनसाहेब, एक मी, प्लॅस्टरच्या खोलीतला एक मामा आणि एक बादली. यातली बादली सगळ्यात महत्त्वाची होती.

सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात, तसे हेही मामाच. किल्लारीकडचे. पन्नाशी ओलांडलेली, पांढरा झालेला खाकी शर्ट, नखांच्या कडांत कायम प्लॅस्टर. प्लॅस्टरच्या तयार पट्ट्या तेव्हा आमच्याकडे येत नसत. जाळीच्या कापडावर प्लॅस्टरची पूड हातानं चोळायची, गुंडाळी करायची आणि कोरड्या डब्यात भरून ठेवायची. पेशंट आला की गुंडाळी पाण्यात बुडवायची, पिळायची आणि हातापायावर गुंडाळायची. हे पाणी टँकरचं. टँकर तीन-चार दिवसांनी यायचा, कुठल्या तरी बोअरचं खारं, जड पाणी आणायचा, आणि त्यातली एक बादली आमच्या वाट्याला यायची. सकाळी पहिल्या पेशंटला ते पाणी निदान पाण्यासारखं दिसे. दुपारपर्यंत ताकासारखं पांढरं होई आणि तळाशी बोटभर गाळ साचे. मामा ते पाणी फेकत नसत. दुसऱ्या दिवशी वरून तांब्याभर घालायचे आणि पुन्हा तेच चालू.

दुष्काळात हाडं जास्त मोडतात, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. जनावरांना चारा नाही म्हणून लोक लिंबाच्या आणि बाभळीच्या झाडांवर चढून पाला तोडायचे आणि पडायचे. विहिरीत खाली उतरून वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया पायरीवरून घसरायच्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना बोटं चेचायची. दिवसाला सहा-सात मनगटं यायची, एखादी मांडी, एखादा घोटा. साहेबांना ऑपरेशनं असायची, त्यामुळे साधी हाडं बसवायचं काम माझ्याकडे आणि मामांकडे. मी ओढायची, मामा कोपर धरून उलट्या बाजूला ताण द्यायचे, हाड जागेवर आलं की बोटाखाली कळायचं. मग प्लॅस्टर. आणि प्लॅस्टर सुकेपर्यंत ते हाड तसंच धरून ठेवायचं.

किती वेळ धरायचं, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. मामा म्हणाले, "एक तंबाखू मळेपर्यंत."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. मी हात धरून उभी राहायची आणि मामा शेजारी उभं राहून चंची सोडायचे, तळहातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे, अंगठ्यानं मळायचे, दोनदा थापटायचे आणि ओठाखाली ठेवायचे. ठेवली की म्हणायचे, सोडा. सोडलं की प्लॅस्टर टकटक वाजायचं. दवाखान्यात तंबाखू खाऊ नका, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि खाल्ली. पुढे ते सुट्टीवर असले की अडचण व्हायला लागली, म्हणून मी एकदा मनात आकडे मोजले. दीडशे भरले. तेव्हापासून मामांची एक तंबाखू म्हणजे माझे दीडशे. एक वर्षभर, शेकडो हातांवर, मी दीडशे मोजले आणि एकदाही चुकले नाही.

हाडांचाच नाद मला का लागला, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मी दरवेळी काहीतरी वेगळं सांगितलं. खरं कारण आईचा उजवा हात. मी तिसरीत असताना ती आडावर पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं अंड्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. जेवणाचा काटा उपडा ठेवला तर कसा दिसतो, तसं मनगट झालं. डॉक्टरकीच्या पुस्तकातही त्याला तेच नाव आहे. भाकरी थापताना तिचा हात पुरता वळायचा नाही, म्हणून आमच्या घरी भाकरी एका बाजूला जाड असायची. कॉलेजातून सुट्टीला गेले की मी तो हात घेऊन बघत बसायची. ती हात काढून घ्यायची आणि म्हणायची, "चालतंय की. कुठं अडलंय?" तिचं खरंच कुठं अडलं नव्हतं. माझं अडलं होतं.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात निवासी डॉक्टरची एक जागा निघाली. तेव्हा आजच्यासारखी सगळ्यांची मिळून एक मोठी परीक्षा नव्हती. एमबीबीएसचे गुण बघायचे, हाऊस पोस्टचा अनुभव बघायचे आणि मग विभागप्रमुख स्वतः माणूस बघायचे. मी अर्ज करायचं ठरवलं आणि घरात आणि दवाखान्यात सगळ्यांना एकदम मतं फुटली. धाकटे काका म्हणाले, बाईमाणसानं बाळंतपणं करावीत, मांडी ओढायला पैलवान लागतो. मी म्हटलं, बाळंतपणात काय फुलं तोडायची असतात का? बरोबरचा एक डॉक्टर म्हणाला, तुमचं काय, तुम्हाला राखीव आहेच की. हे वाक्य मी पहिलीपासून ऐकत आले होते. आमच्या वडिलांनी आणि आजोबांनी धर्मांतर केलं त्यानंतर घरातला देव्हारा गेला, गावकीची कामं गेली, पण हे वाक्य काही गेलं नाही. त्या वर्षी जागा एकच होती आणि ती खुली होती. मी त्याला एवढंच सांगितलं.

अर्जासोबत कागद जोडायचे होते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद होता आणि रहिवासी दाखल्यावर लातूर. घर तेच, गाव तेच, औशापासून दोन कोसांवरचं. नांदेडच्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, तुम्ही नेमक्या कुठल्या? मी म्हटलं, मी हलले नाही, जिल्हा हलला. त्याला विनोद आवडला नाही. त्यानं प्रतिज्ञापत्र मागितलं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी औशाच्या तहसिलीत तीन खेटे घालून तो कागद आणला, घडी मोडू नये म्हणून वहीत ठेवून माझ्या हातात दिला, आणि काकांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले की आता हिला हाडांचंच करू दे.

साहेबांनी अनुभवाचं पत्र चांगलं लिहून दिलं. मामांनी विचारलं, तिथं पाण्याचं कसं हाय? मी म्हटलं, गोदावरी आहे मामा, पाण्याला काय तोटा. ते म्हणाले, मग झ्याक. त्यांच्याही डोक्यात तेव्हा आलं नाही, माझ्याही नाही.

गुणांवर आम्ही दोघे बरोबरीत उरलो. दुसरा परभणीकडचा मुलगा होता, नम्र, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्यानं एसटी स्टँडवरून येताना आणलेल्या केळ्यांतलं एक मला दिलं आणि मग राग धरणं अवघड झालं. विभागप्रमुखांनी आमचे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, गुण सारखेच आहेत, मला आता तुमचे हात बघायचेत.

त्या सकाळी ओपीडीत दोन मोडलेली मनगटं आली होती. परभणीच्या मुलाला एका हमालाचं दिलं, मला उमरीच्या एका बाईचं. साठीची असावी. हिरवं लुगडं, हात पदरात गुंडाळलेला. बैलगाडीतून उतरताना पडली होती. तिचं मनगट थेट आईच्या हातासारखं वळलेलं होतं. फरक एवढाच की हे कालचं होतं आणि सरळ करता येण्यासारखं होतं.

प्लॅस्टरच्या खोलीत भिंतीला बेसिन होतं आणि त्यावर नळ. नळ चालूच होता. मी आत गेल्या गेल्या तो बंद केला. प्रमुखांनी ते बघितलं. मोडलेल्या जागी सुई देऊन हात बधिर केला. मी बाईला सांगितलं, मावशी, जरा ओढते, तिकडं बघा. ती म्हणाली, "वढा बाई, पर सरळ करा. अजून लई भाकरी थापायच्यात." मी ओढलं. तिथल्या मामानं कोपर धरलं. अंगठ्याखाली हाड सरकलं आणि जागेवर बसलं. इतकं नीट बसलं की मला हसू आलं. प्रमुख वाकून बघत होते, त्यांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, छान.

तिथल्या मामानं स्वच्छ बादलीत नळाचं पाणी भरलं. अगदी आरपार, तळ दिसणारं. एका मनगटासाठी बादलीभर. मी विचारलं, यानंतर हे फेकणार? तो म्हणाला, मग काय ठिवून पूजा करावी? त्यानं गुंडाळ्या बुडवल्या, मी गुंडाळल्या, तळहातानं दाबून आकार दिला, मनगट खाली आणि करंगळीच्या बाजूला वळवून धरलं आणि मोजायला लागले. मनात मामा शेजारी उभे होते. चुना लावला, मळली, थापटली. दीडशे. मी हात सोडला आणि प्रमुखांकडे वळून म्हणाले, झालं, सर.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते हाताकडे बघत होते. मी वळले तोवर मनगट आपल्या वजनानं धरलेल्या जागेवरून ढळलं होतं. प्लॅस्टर अजून ओलं होतं, माझ्या बोटांचे ठसे त्यात मऊ मऊ उमटले होते. मी झटकन पुन्हा धरलं, पण आत हाड सरकलेलं मला कळलं. बधिर असूनही बाई कण्हली.

प्रमुखांनी शांतपणे विचारलं, "किती वेळ धरता?"

"दीडशे मोजेपर्यंत."

"हे कुणी शिकवलं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, आमच्या मामांनी. एका वॉर्डबॉयच्या तंबाखूवरून शिकले, हे त्या खोलीत सांगायची मला लाज वाटली. आमच्या दवाखान्यात तेवढ्यात सुकतं, एवढंच मी पुटपुटले. दारात उभे असलेले दोघे-तिघे निवासी डॉक्टर हसले. प्रमुख हसले नाहीत. ते म्हणाले, "बसवलंत चांगलं. सोडलंत लवकर. पुढच्या वर्षी या." आणि हात पुन्हा बघून घ्यायला तिथल्या रजिस्ट्रारला, म्हणजे वरच्या डॉक्टरला, सांगून ते बाहेर गेले.

परतीच्या एसटीत, लोह्याच्या पुढे कुठेतरी, मला उलगडलं. खारं पाणी, वापरलेलं पाणी, तळाशी जुन्या प्लॅस्टरचा गाळ, यानं प्लॅस्टर भराभर घट्ट होतं. पुस्तकात एका ओळीत आहे ते. मी ती ओळ वाचली होती, अधोरेखितही केली होती. पण माझे हात पुस्तकातून शिकले नव्हते, ते आमच्या बादलीतून शिकले होते. ज्या पाण्यात मी वर्षभर निर्धास्त होते ते वाईट पाणी होतं, आणि चांगल्या पाण्यात मी बुडाले. मला स्वतःचा इतका संताप आला की अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. नळ, बादली, दीडशे, हसणारे डॉक्टर, परभणीचा मुलगा, जागा गेली ते. मामा गुंडाळ्या करत करत ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आन त्या बाईचा हात?"

मी म्हटलं, तिथल्या रजिस्ट्रारनं बघितला असेल.

"असंल," मामा म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून बाहेर गेले.

मी त्यांच्यावर चिडले. माझं वर्ष गेलं आणि या माणसाला त्या बाईचं पडलंय. मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. एसटीच्या साडेचार तासांत मी प्लॅस्टरचा विचार केला, जागेचा केला, काकांना तोंड कसं दाखवायचं याचा केला. ज्या हातासाठी मी या वाटेला लागले होते, अगदी तसाच हात मी वाकडा सोडून आले होते आणि त्याची साधी चौकशी करायची मला सुचली नव्हती. याची मला लाज वाटली. आजही वाटते.

त्याच महिन्यात स्त्रीरोगाच्या डिप्लोमाला जागा मिळत असल्याचं पत्र आलं. काकांनी पेढे आणायची तयारी केली. घरी सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडील म्हणाले, "तुला कशात बसायचंय ते तू बघ. पण नंतर आम्हाला बोल लावू नको." मी पत्राला नकार कळवला आणि साहेबांकडे जाऊन आणखी एक वर्ष ठेवून घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी ठेवून घेतलं. हाडांच्या हाऊस पोस्टसाठी आमच्याकडे रांग लागलेली नव्हतीच.

मामा आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मला वाटलं, रागावलेत. मग एका गुरुवारी दुपारी, ओपीडी आटोपल्यावर, ते एक पितळी कळशी घेऊन आले. वर फडकं बांधलेलं. कळशी टेबलावर ठेवून म्हणाले, "गोडं पाणी हाय. घरचं, प्यायचं."

त्यांच्या घरी पाच माणसं होती. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांची बायको पहाटे गल्लीतल्या हापशावर नंबर लावायची, हे मला ठाऊक होतं. मी नको म्हणाले. ते ऐकेनात. म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. म्या जवान असताना हैदराबादेत दवाखान्यात व्हतो. नळाच्या पाण्यात दोन-अडीच तंबाखू लागायच्या. तुमाला सांगाया पायजे व्हतं. इतक्या सालांत हितल्या पाण्यात काम करून करून म्याच इसरून गेलो."

मी म्हटलं, पुस्तकात होतं, मामा, मीच वाचूनही विसरले. मग दोघंही विसरलो, असं म्हणून त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढे धरला. धडधाकट हात. म्हणाले, बसवा.

मी घमेल्यात कळशीतलं पाणी ओतलं. अर्धीच ओतली, उरलेली फडकं बांधून बाजूला ठेवली. गुंडाळी बुडवली, पिळली, त्यांच्या मनगटावर गुंडाळली, आकार दिला आणि धरून उभी राहिले. मोजायला सुरुवात केली तशी मामा म्हणाले, मोजू नका. मी विचारलं, मग कळायचं कसं? तेव्हा त्यांनी सवयीनं उजव्या हातानं चंची काढली, आणि आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की एका हातानं तंबाखू मळता येत नाही. मामा चंचीकडे बघून हसायला लागले, मलाही हसू फुटलं. माप नव्हतंच. चंची तशीच मांडीवर ठेवून ते बसले आणि मी हात धरून उभी राहिले.

आधी प्लॅस्टर गार होतं. बराच वेळ गारच राहिलं. मग पाणी सुटणं थांबलं. मग आतून कोमट लागायला लागलं, मग चांगलंच गरम झालं, आणि ते गरम असताना माझं बोट त्यात रुतेनासं झालं. तरी मी धरून होते. मामा डोळे मिटून बसले होते, झोप लागली की काय असं वाटलं. शेवटी त्यांनी उजव्या हाताच्या नखानं वाजवलं आणि म्हणाले, सोडा आता.

असे आम्ही चार गुरुवार केले. पाचव्या गुरुवारी मी कळशी आणू दिली नाही. प्लॅस्टर कापायचा कंटाळा म्हणून एकदा मामा तसेच घरी गेले होते आणि हात मोडला समजून त्यांच्या बायकोनं गल्ली गोळा केली होती. त्यानंतर त्या मला दवाखान्यात येऊन चार शब्द सुनावून गेल्या. पाण्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मी नांदेडला पुन्हा अर्ज केला. कारकून तोच होता. त्यानं दोन्ही जिल्ह्यांचे कागद बघितले आणि या वेळी काही विचारलं नाही. खोली तीच, नळ तोच, प्रमुखही तेच. मला एका शिक्षकाचं मनगट मिळालं. बसवलं, गुंडाळलं, धरलं. परभणीचा मुलगा आता तिथं निवासी डॉक्टर होता, तो कोपर धरून उभा होता. बराच वेळ गेला. प्रमुख म्हणाले, सोडा आता. मी म्हटलं, अजून गरम व्हायचंय, सर. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून राहिले. मी सोडलं तेव्हा हात हलला नाही. त्यांनी विचारलं, या वेळी किती मोजले? मी म्हटलं, मोजले नाहीत. मग म्हटलं, मोजायचं नसतं हे मला आमच्या प्लॅस्टरच्या खोलीतल्या मामांनी शिकवलं. कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.

संध्याकाळी फळ्यावर एकच नाव लागलं, ते माझं होतं. मी मामांना पत्र टाकलं. एका ओळीत जागा मिळाल्याचं लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं की त्या बाईचा शोध घेते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आदल्या वर्षीचं ओपीडीचं रजिस्टर काढलं. उमरीची बाई सापडली. त्या दिवसाची एक नोंद माझ्या नंतरची, रजिस्ट्रारच्या अक्षरात. आठ दिवसांनी दुसरी: हाड सरकलेले, पुन्हा बसवण्यास पेशंटचा नकार. त्यानंतर काही नाही. परभणीच्या मुलाला ती आठवत होती. तो म्हणाला, आम्ही खूप सांगितलं, पण एकदा ओढलं ते पुरे झालं म्हणाली आणि निघून गेली.

सुट्टीच्या रविवारी मी पॅसेंजरनं उमरीला गेले. रजिस्टरात पत्ता होता. स्टेशनापासून विचारत विचारत घर सापडलं. ती दारात बसून हरभरे निवडत होती. मला ओळखलं नाही. मी म्हटलं, मावशी, नांदेडच्या दवाखान्यात तुमचा हात जिनं ओढला ती मी. तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाली, तुमीच का त्या, तुमाला लई घाम आल्ता त्या दिशी. मग सुनेला चहा टाकायला सांगून तिनं मला घोंगडी अंथरली. उजव्या हातानंच अंथरली. मनगट पार वाकडं होतं.

मी हात बघायला मागितला. तिनं दिला. मी तो उलटासुलटा करून पाहिला, वळवून पाहिला. निम्माच वळत होता. मी तिला सांगितलं की हा हात माझ्यामुळे असा बसला, मी लवकर सोडला. मला वाटलं होतं, ती बोलेल, निदान विचारेल तरी की मग आता कशाला आलात. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि माझीच समजूत काढावी तशी म्हणाली, "चालतंय की माय. कुठं अडलंय?"

सून चहा घेऊन आली. कप पुढे करून उभी राहिली. तो घ्यायला मला हात मोकळा करावा लागणार होता, आणि मला बराच वेळ तिचं मनगट सोडवेना.